मूळ ग्रंथाकडे : पंडिता रमाबाईंचा धर्मशोध आणि बायबलवाचन

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय धर्मान्तरांची चर्चा प्रायः दोन अंगांनी झाली आहे. एका बाजूने तिच्याकडे समाजावरील आघात म्हणून पाहिले गेले, तर दुसऱ्या बाजूने मिशनरी कार्याचे यश म्हणून. धर्म बदलणाऱ्या व्यक्तीने कोणता ग्रंथ वाचला, कोणत्या भाषेत वाचला, कोणाच्या मदतीने वाचला आणि परस्परविरोधी अर्थ समोर आल्यावर त्यांतून निवड कशी केली, हे प्रश्न मात्र या चर्चेत मागे राहिले. वास्तविक हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहेत. धर्मग्रंथाचे वाचन हेही एक वाचनच असते. त्यालाही पद्धती, परंपरा आणि भाषेच्या मर्यादा असतात. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा धर्मशोध या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या शोधाचा आरंभ अर्थ न सांगता केलेल्या संस्कृत पुराणपठणात आहे आणि त्याचा शेवट केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या सुबोध मराठी बायबलमध्ये आहे. या दोन टोकांमधील अंतर रमाबाईंनी कसे ओलांडले हे पाहिले, म्हणजे मतामतांच्या गलबल्यातून त्यांनी आपली वाट कशी काढली याचाही उलगडा होतो.

१. पठण आणि अर्थ

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन वैदिक पंडित होते. पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्याचा आग्रह धरून त्यांनी सनातनी समाजाचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात आश्रम थाटला. रमाबाईंचा जन्म तेथेच झाला. पुढे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि मंदिरांतून व नदीकाठच्या घाटांवर पुराणे वाचणे हे त्याच्या उपजीविकेचे साधन बनले. आईकडून रमाबाई संस्कृत शिकल्या. भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांनी कंठस्थ केले होते.

या पुराणपठणाचा एक विशेष रमाबाईंनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात आवर्जून नोंदविला आहे. कुटुंब जे वाचीत असे ते मूळ संस्कृतातच. देशी भाषेत त्याचा अर्थ सांगण्याची आवश्यकता मानली जात नसे. ऐकणाऱ्याला केवळ श्रवणाने पुण्य मिळते, अशी श्रद्धा होती. म्हणजे येथे ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या ध्वनीत होते, अर्थात नव्हते. इ.स. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि थोरली बहीण यांचा अंत झाला. शास्त्रांनी सांगितलेली व्रते, उपवास, दाने आणि जप हे सर्व करूनही उत्तर आले नाही. या अनुभवाने रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांची परंपरेवरील श्रद्धा डळमळली. तरीही ग्रंथावरची श्रद्धा संपली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. ग्रंथ खरे काय सांगतो, हा प्रश्न तेवढा उभा राहिला.

२. शास्त्रांचा विरोध आणि त्यांची सहमती

इ.स. १८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंचे संस्कृत ज्ञान पारखून त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीला वेदाधिकार नाही अशा संस्कारात वाढलेल्या रमाबाई आता उपनिषदे आणि वेदान्त वाचू लागल्या. स्त्रियांपुढे त्यांच्या कर्तव्यांविषयी व्याख्याने द्यावीत, अशी विनंती आल्यामुळे त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथही बारकाईने पाहिले.

या वाचनाचा निष्कर्ष त्यांच्या पुढील सर्व विचाराच्या मुळाशी आहे. धर्मशास्त्रे, महाकाव्ये, पुराणे आणि समकालीन आचार्य यांच्यात जवळजवळ प्रत्येक बाबतीत मतभेद त्यांना आढळले. मात्र दोन गोष्टींवर सर्वांचे एकमत दिसले. स्त्री ही जातीने अविश्वसनीय व हीन आहे ही एक आणि पुरुषाप्रमाणे तिला स्वतंत्रपणे मोक्ष मिळविता येत नाही ही दुसरी. येथे रमाबाईंच्या वाचनपद्धतीचे पहिले सूत्र हाती लागते. ग्रंथांमधील विरोधापेक्षा त्यांची सहमती त्यांना अधिक अस्वस्थ करते. मतभेद असणे हा ग्रंथपरंपरेचा दोष नव्हे. भाष्यकारांच्या परंपरेत वाढलेल्या विदुषीला ते परिचयाचेच होते. सर्व मतभेद ओलांडून एखाद्या मानवसमूहाला वगळण्यात आले असेल, तर मात्र त्या परंपरेच्या प्रामाण्याचाच प्रश्न उभा राहतो.

मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्यासाठी जी लक्षणे सांगितली त्यांत उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता यांबरोबर ‘फल’ हेही एक लक्षण आहे. रमाबाईंनी आपल्या विवेचनात ही परिभाषा वापरली, असे येथे सुचवावयाचे नाही. पण ग्रंथाचे फल कोणाला मिळते, ही कसोटी त्यांनी सातत्याने लावली असे म्हणता येते. ती कसोटी त्या घरूनच घेऊन निघाल्या होत्या. बायबलला त्यांनी ती तितक्याच कठोरपणे लावली.

३. पहिली बायबले

बायबलशी रमाबाईंची पहिली गाठ कलकत्त्यातच पडली आणि ती निष्फळ ठरली. एका ख्रिस्ती मेळाव्यात लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करताना त्यांनी पाहिले. हे लोक खुर्च्यांनाच नमस्कार करीत आहेत, अशी या भावंडांची समजूत झाली. त्या सुमारास त्यांना संस्कृत भाषांतरातील बायबलची प्रत भेट मिळाली. संस्कृत ही तर त्यांची हातखंडा भाषा. परंतु त्या भाषांतराचे संस्कृत त्यांच्या परिचयाच्या वाङ्मयीन संस्कृताहून इतके निराळे होते आणि त्यातील शिकवण इतकी अपरिचित होती, की ते वाचणे म्हणजे कालापव्यय असे त्यांना वाटले. शब्द कळत होते, पण त्या शब्दांमागचे जग कळत नव्हते.

इ.स. १८८० मध्ये बंधूंचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. आसाममधील सिल्चर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची पुस्तिका सापडली. एका बाप्तिस्ट मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचे विवरण त्यांना ऐकविले. जे संस्कृत बायबल वाचवले नाही, तेच चालू देशी भाषेत वाचवले, ही नोंद मोलाची आहे. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावींचे निधन झाले आणि लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना आणि ‘स्त्रीधर्मनीति’चे प्रकाशन ही त्या वर्षातील प्रसिद्ध कामे होत. त्याच काळात मिस हर्फर्ड यांच्याकडे त्या मराठी नवा करार वाचू लागल्या. ‘षड्दर्शनदर्पण’कर्ते नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे यांच्याशीही त्यांचा विचारविनिमय झाला. गोऱ्यांनी ब्राह्ममताला दिलेल्या उत्तरांचा आपल्या मनावर निर्णायक परिणाम झाला, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले आहे. ही उत्तरे शास्त्रार्थाच्या घाटाची होती, म्हणूनच ती एका पंडितेला पटली.

४. विहिरीकाठचा संवाद

इ.स. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयापूर्वीचा एक प्रसंग त्यांच्या आत्मनिवेदनात येतो. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनींनी ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. ज्यांना हिंदू स्मृतिकारांनी कठोर दंड सांगितले, त्यांची येथे शुश्रूषा का होते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांच्यापुढे योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचण्यात आला.

या अध्यायाची निवड अर्थपूर्ण आहे. याकोबाच्या विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशूचा झालेला संवाद हा त्याचा विषय. ही स्त्री तीन प्रकारांनी ‘बाहेरची’ आहे. ती स्त्री आहे, यहुद्यांनी त्याज्य मानलेल्या शोमरोनी लोकांपैकी आहे आणि तिचे वैवाहिक जीवन लोकदृष्ट्या निंद्य आहे. तीच येशूपुढे धर्ममतांच्या विरोधाचा प्रश्न मांडते. आमच्या पूर्वजांनी या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणता ती यरुशलेमातच झाली पाहिजे, मग खरे काय, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. येशूच्या उत्तरात यहुदी परंपरेला तिचे स्थान नाकारलेले नाही. पण उपासनेचा निर्णय त्याने डोंगरावरून आणि शहरावरून काढून आत्मा आणि सत्य यांवर आणला आहे. पुढे हीच स्त्री गावात जाऊन इतरांना सांगते आणि गावकरी स्वतः ऐकून विश्वास ठेवतात.

एका संवादात रमाबाईंचे दोन्ही प्रश्न एकत्र आले होते. परस्परविरोधी मतांतून सत्य कसे निवडावे, हा त्यांतला एक आणि त्या सत्यात स्त्रीला, विशेषतः समाजाने टाकलेल्या स्त्रीला, जागा आहे काय, हा दुसरा. सर्व शास्त्रांची ज्या मुद्द्यावर सहमती त्यांना आढळली होती, त्याच मुद्द्यावर हा ग्रंथ वेगळे बोलत होता. रमाबाईंच्या निर्णयाचे मूळ भौतिक आमिषात वा परकीय प्रभावात शोधणाऱ्या टीकेने हे ग्रंथगत कारण पुरेसे विचारात घेतलेले नाही.

५. एक जोखड उतरवून दुसरे?

बाप्तिस्म्याने प्रश्न सुटला नाही, उलट नवा प्रश्न उभा राहिला. एका ख्रिस्ती धर्मात किती पंथ! उच्च आणि निम्न आंग्ल मंडळी, बाप्तिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथॉलिक असे अनेक पंथ होते आणि प्रत्येकाचा आधार तोच ग्रंथ होता. हिंदू शास्त्रांतील मतभेदांनी गोंधळलेल्या विदुषीला येथेही तसाच गोंधळ दिसला आणि तो तिने स्पष्ट शब्दांत नोंदविला.

या काळातील रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला वाद हा धर्मग्रंथाच्या अर्थनिर्णयाचा अधिकार कोणाचा, याविषयीचा वाद आहे. जेराल्डाइन यांची भूमिका अशी, की मंडळी ही मातेसमान आहे. नव्याने आलेल्या लेकराने तिची शिकवण नम्रपणे स्वीकारावी आणि समज पुढे येईल. ही भूमिका स्वतःच्या चौकटीत सुसंगत आहे. ग्रंथ कोणते मानावयाचे हेही शेवटी मंडळीच्या परंपरेनेच ठरविले, असा तिला आधार आहे. रमाबाईंचे म्हणणे असे, की भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड आपण नुकतेच मोठ्या कष्टाने उतरविले आहे. पुरोहिताकडून येणारी प्रत्येक गोष्ट ईश्वराज्ञा मानून दुसरे तसलेच जोखड आपण मानेवर घेणार नाही. देवाने आपल्याला स्वतंत्र सदसद्विवेक दिला आहे.

त्रैक्याच्या सिद्धांताविषयी रमाबाईंनी उपस्थित केलेल्या शंका याच भूमिकेतून आल्या. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही. ती पुढील ख्रिस्ती तत्त्वचिंतनाने मूळ वचनांच्या आधारे केलेली मांडणी आहे. मूळ वचन आणि त्यावरचे भाष्य यांत फरक करणे हा भारतीय शास्त्राभ्यासाचा पहिला पाठ. ब्रह्मसूत्रे एकच असली तरी शंकर, रामानुज आणि मध्व यांची भाष्ये निराळी आहेत, हे जिला ठाऊक आहे, तिने भाष्यालाच सूत्र मानण्यास नकार द्यावा हे स्वाभाविक होते. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आपल्या बायकांना ती कळत नाहीत, लॅटिन ही संस्कृतापेक्षा अधिक पवित्र आहे काय, हा त्यांचा आक्षेपही वरवर किरकोळ वाटला तरी त्याच विचाराचा भाग आहे. न कळणाऱ्या पवित्र भाषेचा अनुभव त्यांनी घाटांवर पुराणे वाचताना घेतला होता.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया येथील श्रोत्यांचे कौतुक आहे. पौलासारख्या प्रेषिताने सांगितलेलेही त्यांनी तसेच न स्वीकारता रोज शास्त्र पडताळून पाहिले, असे तेथे म्हटले आहे. रमाबाईंची वृत्ती या श्रोत्यांच्या जवळची आहे. पुढे त्या अमेरिकेत गेल्या (१८८६–८८). बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, तर उपाध्यक्षांपैकी फिलिप्स ब्रूक्स हे एपिस्कोपल पंथाचे होते. निरनिराळ्या पंथांचे लोक एका कामासाठी एकत्र बसू शकतात, हे रमाबाईंनी तेथे अनुभवले. कोणत्याही एका पंथाचे नाव न लावता ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीचे म्हणून राहणे, ही त्यांची भूमिका पुढे केडगावच्या मुक्ती मिशनच्या रचनेतही उतरली.

६. मत आणि अनुभव

पंथांच्या वादातून बाहेर राहणे म्हणजे वाट सापडणे नव्हे, ही जाणीव रमाबाईंना १८९१ च्या सुमारास झाली. विल्यम हॅस्लम या आंग्ल धर्मोपदेशकाचे ‘फ्रॉम डेथ इनटू लाइफ’ हे आत्मकथन त्यांनी वाचले. हॅस्लम हे धर्मोपदेशक असतानाच त्यांना स्वतःच्या पालटाचा अनुभव आला होता. ते वाचून रमाबाईंना आपल्याही स्थितीची ओळख पटली. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली आहे. आतापर्यंत ग्रंथ हा पडताळणीचा विषय होता. येथून पुढे तो त्यांना उद्देशून बोलणारा झाला.

या टप्प्याची तुलना इतर दोन मराठी ख्रिस्ती लेखकांशी करता येते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात शंका, वाद आणि प्रमाण या क्रमाने निश्चयाकडे जाणारी वाट आहे. नारायण वामन टिळकांची वाट भक्तीची आहे. डोंगरावरील प्रवचनाने आकृष्ट होऊन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची चौकट सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि संतपरंपरेच्या शब्दांना ख्रिस्ती आशयासाठी मोकळे केले. रमाबाईंच्या वाटेत पदमनजींची चिकित्सा आहे, टिळकांचे शरणभावही आहे, परंतु तिचा शेवट वादग्रंथात वा अभंगात न होता भाषांतरात झाला.

७. भाषांतर हाच निर्णय

मराठी बायबलची परंपरा रमाबाईंपूर्वी जवळजवळ शतकभराची होती. सेरामपूरहून मत्तयकृत शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये मराठीत निघाला. अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये मुंबईत छापला गेला. त्यानंतर सुधारणा होतच राहिल्या. असे असता नवे भाषांतर कशासाठी? रमाबाईंपुढील वाचक निराळा होता. शारदा सदनात (१८८९) बालविधवा होत्या. पुढे दुष्काळातून आणलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली केडगावला आल्या. संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ भाषांवरून सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्याचे काम त्यांनी आयुष्याची अखेरची सुमारे पंधरा वर्षे केले. मुक्तीतील स्त्रियांनीच त्याची अक्षरजुळणी आणि छपाई केली. रमाबाईंच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने संपूर्ण बायबल मूळ भाषांतून एकटीने अनुवादिण्याचे हे जागतिक इतिहासातीलही विरळ उदाहरण आहे.

भाषेच्या निवडीमागे केवळ सुबोधतेचा विचार नव्हता. शब्द आपला इतिहास बरोबर आणतो. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातील नव्याने जन्मण्याच्या कल्पनेसाठी ‘पुनर्जन्म’ शब्द योजला, तर मराठी वाचकाच्या मनात कर्मविपाक आणि योनिभ्रमण उभे राहते. ‘अवतार’ म्हटले, की दशावतारांची माळ आलीच. एकदाच आणि सर्वांसाठी, हा आशय मागे पडतो. वेदान्ताची परिभाषा आतून जाणणाऱ्या रमाबाईंना हा धोका परक्या मिशनऱ्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसत होता. त्यामुळे वेदान्ताच्या आणि मूर्तिपूजेच्या छटा असलेले शब्द टाळण्याकडे त्यांचा कल होता.

या निवडीची किंमतही नोंदविली पाहिजे. मूळाशी एकनिष्ठ राहण्याच्या आग्रहाने हे भाषांतर अनेक ठिकाणी रुक्ष झाले आणि मंडळ्यांच्या सर्वसाधारण वापरात ते रुळले नाही. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’त किंवा टिळकांच्या कवितेत मराठीच्या भक्तिपरंपरेचे जे सहकार्य ख्रिस्ती आशयाला मिळाले, ते येथे जाणीवपूर्वक नाकारलेले आहे. अर्थाची स्वच्छता आणि भाषेची समृद्धी यांतून रमाबाईंनी पहिलीची निवड केली.

८. समारोप

रमाबाईंच्या भूमिकेतील एक ताण दुर्लक्षून चालणार नाही. स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या रमाबाईंनी आश्रितांच्या विवेकाचे स्वातंत्र्य कितपत राखले, हा प्रश्न १८९३ मध्ये शारदा सदनाच्या वादाने ऐरणीवर आणला. त्यांच्या खाजगी प्रार्थनेला मुली येत, तेव्हा दार उघडे ठेवणे ही मोकळीक होती की प्रभाव? न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. दार बंद करणे हाच अन्याय ठरला असता, असे रमाबाईंचे म्हणणे होते. परावलंबी बालविधवेच्या बाबतीत उघडे दार पुरेसे तटस्थ असते काय, हा हितचिंतकांचा प्रश्नही सहज बाजूला सारता येत नाही.

या प्रश्नाला जर रमाबाईंच्या कार्यात काही उत्तर असेल, तर ते त्यांच्या भाषांतरात आहे. ज्या मुलीला अक्षर शिकविले, जिने स्वतः खिळे जुळवून तो ग्रंथ छापला, तिच्या हाती ग्रंथाचा अर्थ आला. तो मान्य करण्याची जशी, तशीच तो पडताळण्याची आणि नाकारण्याचीही क्षमता तिला मिळाली. परस्परविरोधी मतांतून वाट काढण्याचा रमाबाईंचा मार्ग तीन पायऱ्यांचा होता. भाष्याकडून मूळाकडे जाणे, ग्रंथाचे फल सर्वांत शेवटच्या माणसाला मिळते का हे पाहणे आणि जे सापडले ते त्या माणसाच्या भाषेत त्याच्या हाती देणे. यांपैकी तिसरी पायरी चढणारे फार थोडे असतात. घाटावर न कळणारे श्लोक म्हणणाऱ्या मुलीने ती चढली, म्हणून तिच्या बायबलला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळणे न्याय्य आहे.